पावसाळ्यातला गोवा, पहिल्या नजरेत: हिरवा आहे, पण आपसूक नाही

दुधनाकाठचा

गोव्याला जाऊन आलो आणि समुद्र फक्त एका संध्याकाळी बघितला, तोही जीवरक्षकांच्या लाल बावट्यांच्या अलीकडून, असं सांगितलं की जालन्यातली मित्रमंडळी "मग गेलास कशाला?" असंच विचारतात. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथं लिहून टाकतो. गोवेकर सभासद बरेच आहेत, त्यांनी भर घालावी.

साडू माशेलचा. मेहुणी लग्न होऊन तिकडं गेली तेव्हापासून "एकदा चिखलकाल्याला (आषाढीच्या दुसऱ्या दिवशीचा चिखलातला खेळ) या हो भावजी" हे पालुपद चालू होतं. यंदा आषाढी गाठून निघालोच. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलो. कणकुंबीच्या पुढं काचेपलीकडचं काही दिसेना. धुकं जरा हललं की खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसायचं, लगेच पुन्हा पांढरं. मी शाळेत भूगोल शिकवतो. सह्याद्री, नैऋत्य मोसमी वारे, प्रतिरोध पाऊस, सगळं तोंडपाठ. आमच्याकडं वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही पडला तर. गोव्यात तीन हजार धरूनच चालायचं, आणि सत्तरीसारख्या घाटाखालच्या तालुक्यात त्याहून जास्त. हा आकडा मुलांना इतकी वर्षं सांगत आलो, पण टॉवेल वाळायचं नावच घेईना तेव्हा त्याचा अंगावर उजेड पडला. काडी ओढली की गुल निघून यायचा. मिठाच्या बरणीत पाणी. चामड्याच्या पट्ट्याला बुरशी. बायकोनं तर घरी परतल्यावर सगळी बॅग गच्चीवर उन्हात उलटी केली.

आता हिरव्याबद्दल. आमच्याकडं पावसाळ्यात हिरवं होत नाही असं नाही, पण ते जमिनीवर असतं, गुडघ्याएवढं. इथं ते भिंतीवर, कौलावर, विजेच्या खांबावर, मारुतीच्या घुमटीवर. चिऱ्याच्या कुंपणातून नेचे बाहेर आलेले. एका बंद घराच्या जिन्यावर आठवडाभर कुणी पाय ठेवला नसावा, शेवाळानं पायऱ्यांच्या कडा दिसेनाशा केल्या होत्या. पहिल्या दिवशी माझं मत झालं ते हेच, की इथं माणसानं काही करायची गरज नाही, काठी रोवली तरी पालवी फुटेल.

साडूच्या वडिलांबरोबर त्यांच्या कुळागरात गेलो आणि ते मत तिथंच राहिलं. (वाचकांसाठी: कुळागर म्हणजे घरामागच्या उतारावरची पोफळीची बाग, पण नुसती पोफळी नव्हे. वर माड आणि पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरीचे आणि पानाचे वेल, खाली केळी, मध्येच फणस, जायफळ, कडेला अननस.) आबा पंचाहत्तरीच्या पुढचे. डोक्यावर खोळ, हातात कुदळ. पाऊस कोसळतोय आणि हा माणूस पाटातला पाला काढतोय. मी म्हटलं, आबा, एवढं पाणी वरून पडतंय, आता पाट कशाला? ते म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी आणायला, पावसात पाणी घालवायला. पोफळीच्या मुळाशी पाणी थांबलं तर झाड गेलं." तेवढ्यात एका झाडाच्या बुंध्यावर निळसर ओघळ दिसले. हात लावून बघितला. मोरचूद आणि चुना! बोर्डो मिश्रण! आम्ही मोसंबीच्या बुंध्याला दरवर्षी लावतो तेच. इथं ते वर, सुपारीच्या घोसावर फवारतात, कोळेरोगासाठी (सुपारी कुजवणारा रोग). पावसानं जरा उघडीप दिली की फवारणारा माणूस झाडावर चढतो आणि खाली न उतरता एका शेंड्यावरून झोका घेत दुसऱ्या शेंड्यावर जातो. तो दिवस मला बघायला मिळाला नाही, उघडीपच नव्हती. पण त्या निळ्या ओघळांनी मला पटकन आपलंसं वाटलं. म्हणजे हेही आमच्यासारखेच रोगाशी भांडून पीक घेणारे लोक आहेत, जंगलात राहून फळं वेचणारे नव्हेत.

दुसरी गोष्ट खाजनाची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीची. सांतेस्तेव म्हणजे जुव्याच्या बांधावर साडूनं नेलं. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची लावणी, आणि नीट बघितलं तर शेत पाण्याच्या पातळीच्या खाली! मधे फक्त मातीचा बांध. बांधात चिऱ्यांची चौकट आणि तिच्यात लाकडी दारं. ओहोटी लागली होती. आम्ही उभे होतो तेव्हा एक दार हळूच बाहेरच्या बाजूला उचललं गेलं आणि आतलं गढूळ पाणी खाडीत जायला लागलं. कुणी हात लावला नाही, मोटर नाही, काही नाही. भरती आली की तेच दार बाहेरच्या पाण्यानं आपोआप मिटतं म्हणे. मी तिथं अर्धा तास उभा होतो, साडू छत्री धरून कंटाळला. हॉलंडचे बांध आम्ही पाठ्यपुस्तकात शिकवतो. हे बेळगावपासून दोन-तीन तासांवर आहे आणि मला ठाऊक नव्हतं.

चिखलकाल्याबद्दल थोडक्यात, कारण त्याचे व्हिडिओ सगळीकडं आहेत. एकादशीला देवकीकृष्णाच्या देवळात भजन बसतं ते रात्रभर चालतं, द्वादशीला उतरतं. मग पुरुष-पोरं अंगाला तेल चोळून समोरच्या मैदानात, चिखलात. खेळ, लोळण, ढकलाढकली. कडेला उभ्या जाणत्या मंडळींकडून खाऊ उधळला जातो. आम्ही एकादशीला वारीतल्या दिंड्या बघत मोठे झालेले. इथं त्याच तिथीला तोच विठ्ठलाचा गजर, तेच अभंग, आणि दुसऱ्या दिवशी ही धमाल. मीही उतरलो. अंगाला तेल का लावतात ते रात्री आंघोळीला कळलं.

जेवण: मासळीबंदीचा काळ, तरी उपास सोडून रोज काही ना काही खाऱ्या पाण्यातलं ताटात होतं. सोलकढी, उकड्या तांदळाचा भात. पोदेराचा (पाववाल्याचा) सकाळचा भोंगा आणि गरम पोळी नव्हे, पोई (इथला पाव).

प्रश्न दोन. एक, ते बांध आणि ती दारं बघतं कोण, सरकार का गावकरी? दोन, पुढच्या वेळी आणखी कुठल्या महिन्यात यावं म्हणजे किनारा सोडून असं काही बघायला मिळेल?

तिरफळ

वा मास्तर! पण जेवणाला चार ओळी? हा गुन्हा आहे. बंदीच्या दिवसांत (१ जून ते ३१ जुलै, ट्रॉलर बंद) ताटात शेवटे मासे, तिसऱ्यो (शिंपल्या), सुंगटं (कोळंबी) येतात ती त्या तुमच्या बांधाच्या आतबाहेरचीच. समुद्र बंद, खाडी चालू. सुक्या बांगड्याचं किसमूर मिळालं की नाही? आणि आळमी (अळंबी)? रस्त्याकडेला पानात गुंडाळून विकत बसलेल्या बायका दिसल्या असतील. वारुळावर येणारी ती रानटी आळमी, पंधरवड्याचा हंगाम, भाव ऐकून पाकीट मिटतं. खरं तर इतकी ओरबाडू नयेत असं दरवर्षी सांगितलं जातं आणि दरवर्षी आम्ही खातो.

फोटो टाका.

अंत्रुजकर

दुधनाकाठचा, बोर्डोचं निरीक्षण फार आवडलं. आमचं कुळागर सावई-वेऱ्याच्या बाजूला आहे. बाहेरचा माणूस येतो आणि पहिलं वाक्य असतं "किती शांत आहे!" शांत आहे कारण माणसं नाहीत. पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही. जो मिळतो तो चार गावांना एकच, त्याच्या तारखेप्रमाणं आपण नारळ काढायचे. सुपारी सोलायला बायका मिळत नाहीत. माकडं कोवळे नारळ पाडतात, शेकरू उरलेले पोखरतं, आणि गेल्या काही वर्षांत गवेही खाली येऊ लागलेत. गवा हा आमचा राज्यप्राणी, त्यामुळं त्याला काही बोलताही येत नाही :)

पाटाचं पाणी मात्र वाचनीय विषय आहे. डोंगरातला झरा, त्याला डिसेंबरच्या सुमारास माती-दगडाचा तात्पुरता बांध, तिथून पाट, मग वाटणी. कुणाच्या बागेला कुठल्या दिवशी, किती वेळ, हे आमच्या आजोबांच्या वेळी ठरलेलं अजून चालतं. भांडणंही त्याच वेळची. एक झरा आटला की खालच्या चार बागा गेल्याच समजा, आणि झरा आटतो तो वरच्या डोंगरावर कुणी काय केलं त्यावर. वर काजू लावला तर एक गोष्ट, चिरेखाण काढली तर दुसरी, प्लॉट पाडले तर तिसरी.

काही जणांनी बागेत पर्यटकांसाठी जेवण आणि मसाल्याची सैर सुरू केली. नावं ठेवणारे ठेवोत, त्या पैशावर पाडेल्याची मजुरी निघते आणि बाग उभी आहे.

सह्यभटक्या

गोव्याचं कौतुक ठीक, पण यात गोव्याचं असं काय? गुहागर, दापोली, वेंगुर्ला, सगळीकडं हेच आहे. तीच लाल माती, त्याच पोफळीच्या वाड्या. आपल्या कोकणाला कुणी विचारत नाही आणि गोवा म्हटलं की लगेच लेख.

अंत्रुजकर

सह्यभटक्या, वाडी आणि कुळागर यांत फरक शोधायला बसलो तर भांडणच होईल, ते नको. तेरेखोल नदीच्या दोन्ही बाजूंना एकच पाऊस पडतो. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या पलीकडं असून गोव्याचा. माणसांनी आखलेल्या रेघा आहेत या. तुम्ही दापोलीवर लिहा, आम्ही वाचू.

कोरगुट

मूळ धाग्यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. आमचं शेत खाजनातच आहे, त्यामुळं जरा लांबेल.

तुम्ही बघितलं त्या दाराच्या चौकटीला आम्ही मानस म्हणतो. दार वरच्या बाजूनं अडकवलेलं असतं, म्हणून आतून पाण्याचा रेटा आला की उघडतं आणि बाहेरून आला की मिटतं. मानशीच्या आत एक खोलगट जागा असते, तिला पोंय म्हणतात. शेतातलं जादा पाणी तिथं जमतं, तिथंच मासे आणि सुंगटं वाढतात. बांध माती, पेंढा आणि चिऱ्यांचा. बाहेरच्या अंगाला खारफुटी राखायची, ती लाटेचा मार खाते. आत पावसाच्या पाण्यानं मीठ धुतलं जातं आणि मग खारेपणा सोसणारं भात लावायचं, कोरगुट. (हो, आयडी तिथूनच.) उत्पादन सुधारित वाणांहून कमी, पण पेज अशी होते की दुसरी घशाखाली उतरत नाही. गोव्यात असं खाजन सुमारे अठरा हजार हेक्टर सांगतात. पण आज त्यातलं पिकतं किती, हे कुणी बांधावरून चालत मोजलं तर रडू येईल.

कोण बघतं? पूर्वी गांवकारी, म्हणजे पोर्तुगीज काळापासून जिला कोमुनिदाद म्हणतात ती संस्था. पोर्तुगीजांनी ती निर्माण केली नाही, आधीपासून होती. १५२६ साली त्यांनी गावांचे रीतिरिवाज लिहून काढले, त्यात हे सगळं आलं. जमीन गावाची, दरवर्षी लिलावानं कसायला द्यायची, उत्पन्नातून पहिला खर्च बांधाचा, मग देवळाचा, उरलं ते वाटून. बांधावर रोज फिरणारा माणूस पगारी असायचा. त्याचं काम एकच, खेकड्यांची बिळं शोधणं. ऐकायला गंमत वाटेल, पण बांध फुटतो तो त्सुनामीनं नव्हे, कुर्लीच्या बिळानं. बोटभर वाट मिळाली की भरतीचं पाणी रात्रीत हातभर करतं, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर बघायलाच नको. एकदा खारं पाणी आत आलं की पुढचे काही हंगाम भात विसरा.

मुक्तीनंतर कूळ कायदा आला, १९६४ चा. मग १९७६ च्या दुरुस्तीनं कसणाऱ्याला जमीन मिळाली. माझे आजोबा कूळच होते, त्यामुळं त्या कायद्याला मी वाईट म्हणणार नाही, त्यानं आमच्या घरात चूल नीट पेटली. पण बांधाची जबाबदारी कूळसंघाकडं आली आणि कूळसंघाकडं पैसा कुठून येतो? मानशीवर मासे धरायच्या हक्काच्या लिलावातून. इथं मेख आहे. भातापेक्षा माशाला पैसा जास्त. लिलाव घेणाऱ्याला भातात रस नाही. तो मानस हवी तेव्हा उघडी ठेवतो, खारं पाणी आत घेतो, कारण त्याबरोबर मासे येतात. शेतकरी ओरडतो. पण अर्धे शेतकरी तोवर बोटीवर किंवा आखातात गेलेले, ओरडायला उरतो कोण? शेत पडीक पडतं. पडीक खारट जमिनीत खारफुटी उगवते. आणि एकदा ती वाढली की किनारी कायद्यानं तिला संरक्षण, कापता येत नाही. म्हणजे बांध पुन्हा उभा केलात तरी आतली जमीन तुमची राहिलेली नसते.

पर्यटकाला तीही हिरवीच दिसते म्हणा. फोटोत तर जास्तच.

सरकार बांध दुरुस्तीला पैसा देतं, जलस्रोत खात्यातून आणि कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागातून. काँक्रीटच्या भिंती बांधल्या जातात. मातीचा बांध थोडा हलतो, पाणी झिरपतं, दरवर्षी डागडुजी लागते. काँक्रीटला दहा वर्षं काही लागत नाही आणि नंतर एकदमच लागतं.

बाय_गो

कोरगुट, आमच्या सासरी नेरुलला मानशीवर लहानपणी पोरं झोपायची, सुंगटं राखायला. आता तिथं बांधाला लागून व्हिला आहेत. जाहिरातीत लिहितात "भातशेतीचा नजारा". शेत कोण करणार ते जाहिरातीत नसतं.

सह्यभटक्या

कोरगुट, प्रतिसाद अप्रतिम. मगाशी मी उगाच पिन मारली. रायगडात खारभूमी म्हणतात तीही बहुतेक अशीच, पेण-अलिबागकडं. तिथंही बांध फुटल्याच्या बातम्या दरवर्षी. कुणीतरी दोन्हींवर मिळून लिहायला हवं.

मुक्काम_पणजी

मास्तर, तुम्ही पावसात येऊन हिरवा गोवा बघितलात. आता मेमध्ये या आणि टँकर बघा. हसू नका, खरं सांगतोय. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये पणजीच्या आजूबाजूच्या गावांत नळाला पाणी येत नाही म्हणून बायका पाणीखात्यावर मोर्चा नेतात. जांभा चाळणीसारखा, वर पडलेलं पाणी झिरपून झऱ्यांवाटे बाहेर पडतं आणि डोंगरापासून समुद्र तो किती लांब? राज्याची रुंदीच साठ-पासष्ट किलोमीटर. पाणी थांबायला जागाच नाही. विहिरी आहेत, पण नळ आल्यावर कित्येक बुजल्या किंवा कचऱ्याच्या झाल्या. पणजीला पाणी येतं ते खांडेपार नदीवरच्या ओपाहून, दक्षिणेला साळावली धरणातून.

आणि तुम्ही ज्या कणकुंबीतून आलात, तिथंच ती प्रसिद्ध भांडणाची जागा आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते ती पूर्वेला जाते, आणि शेजारचा कळसा नाला पश्चिमेला, आमच्या म्हादई नदीत. तो वळवून मलप्रभेत नेण्यावरून सगळं रामायण. २०१० मध्ये लवाद नेमला, २०१८ मध्ये त्यानं वाटप सांगितलं: कर्नाटक १३.४२ टीएमसी, गोवा २४, महाराष्ट्र १.३३. त्यावर तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात. तुम्ही काच पुसत पुढं आलात, पण तुमच्या चाकाखालच्या त्या पाण्यावरून इथली सरकारं हलतात.

संपादक मंडळ

म्हादईवर स्वतंत्र धागा आहे, राजकीय प्रतिसाद तिकडं द्यावेत. इथं प्रवासापुरतं राहू या.

मुक्काम_पणजी

बरं. प्रवासापुरतं: पणजी-रायबंदर रस्त्यानं गेलात का? तो सुमारे तीन किलोमीटरचा बांधरस्ता १६३०च्या दशकातला आहे, खाजन आणि मिठागरांमधून काढलेला. अजून रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. आता कोरगुट यांचा प्रतिसाद वाचल्यावर तिथून जाताना दोन्ही बाजूंना नीट बघा. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला जा, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य तिथंच, खारफुटीत. जुन्या फेरीत चालत चढणाऱ्याला तिकीट नाही.

नवखा_नागपुरी

लेख छान. आम्ही डिसेंबरात गेलो होतो, आम्हाला यातलं काही दिसलं नाही. दिसला तो ट्रॅफिक. स्टेशनवरून हॉटेलपर्यंत टॅक्सीवाल्यानं सांगितलेल्या भाड्यात नागपूर-अमरावती झालं असतं. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही, गाणी कानठळ्या बसवणारी. आमचं पहिलं मत काही चांगलं झालं नाही, खरं ते लिहितो.

बाय_गो

नागपुरी दादा, नाताळ ते नववर्ष आम्ही स्वतः त्या बाजूला फिरकत नाही. टॅक्सीचं दुखणं आमचंही आहे. पुढच्या वेळी मडगाव, थिवी किंवा करमळीला उतरून सरळ कदंबची बस धरा, नाहीतर खासगी बस. कंडक्टर दारात लोंबकळत "पणजे पणजे पणजे" ओरडत असतो, त्याला गावाचं नाव सांगा, तो तुम्हाला ढकलून चढवेल आणि बरोबर ठिकाणी ढकलून उतरवेल.

दुधनाकाठचा

सगळ्यांचे आभार. कोरगुट, तुमचा प्रतिसाद मी छापून घेतला, नववीच्या वर्गात वाचून दाखवणार आहे. खेकड्याच्या बिळावर पोरं खूश होतील.

टँकरचं वाचून मात्र चक्रावलो. आमच्याकडं टँकर म्हणजे पाऊस न पडल्याची खूण. एवढा पडूनही टँकर? म्हणजे आमचं दुखणं पडत नाही हे, तुमचं थांबत नाही हे. आमच्याकडं मग शेततळी, बंधारे, गाळ काढणं यांवर सगळं गाव बोलतं, निवडणुका त्यावर होतात. आबांच्या गावात मी पाण्यावर कुणाला बोलताना ऐकलं नाही, ते पाणी घालवण्यावरच बोलत होते. अर्थात आषाढात गेलेलो, मेमध्ये सूर वेगळा असेल.

तिरफळ, आळमी खाल्ली. भाव मेहुणीनं सांगितला नाही, साडूनं सांगितला. त्यावरून दोघांत जुंपली. फोटो रात्री टाकतो.

चिंतामणराव

वय झालेला माणूस आहे, उशिरा लिहितो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मे महिना. उकाडा सोसत असेल तर सांगे तालुक्यात कुर्डीला जा. साळावली धरणात हे गाव गेलं, लोकांना वाडें आणि वालकिणीला वसवलं. वर्षभर पाण्याखाली असतं आणि मेमध्ये धरण उतरलं की वर येतं. घरांचे चौथरे, वाटा, सोमेश्वराचं देऊळ, सगळं उघडं पडतं. गावचे लोक तेव्हा परत जमतात, देवळात उत्सव करतात, ख्रिस्ती मंडळी त्यांच्या कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) जागी. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं, म्हणजे किशोरी आमोणकरांच्या आईंचं, हे गाव. १९०४ चा जन्म त्यांचा. किशोरीताईंच्या गाण्यावर जीव टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या चौथऱ्यांमधून एकदा हिंडावं.

मला तिथं हिरवं काहीच दिसलं नाही, एक पान नाही. तडकलेला गाळ आणि झाडांचे काळे बुंधे. दक्षिण गोव्याच्या नळाला जे पाणी येतं त्याची किंमत तिथं पडलेली असते.

अंत्रुजकर

चिंतामणराव, +१. माझ्या आतेचं सासर कुर्डीचं. ती अजून दर मेमध्ये जाते, चुलीची जागा दाखवते. नातवंडं कंटाळतात, पण ती दाखवते.

दुधनाकाठचा

मे पक्का. शाळेला सुट्टीच असते. चिंतामणराव, माशेलहून कुर्डी एका दिवसात जाऊन येणं होईल का? आणि महिन्याच्या सुरुवातीला यावं का शेवटी?

चिंतामणराव

होईल. फोंडा, केपे, सांगे असं जा. साळावलीचा सांडवा वाटेवरच आहे, पण मेमध्ये कोरडा असेल. महिन्याच्या उत्तरार्धात या, सुरुवातीला पाणी पुरतं उतरलेलं नसतं, आणि जूनवर ढकलू नका, पहिला मोठा पाऊस झाला की वाट चिखलाची होते. सकाळी आठच्या आत पोहोचा, सावली नाही. पाणी आणि टोपी बरोबर घ्या, तिथं दुकान नाही. उत्सवाची तारीख दरवर्षी बदलते, साडूंना वाडेंच्या कुणाकडं तरी विचारून ठेवायला सांगा.

तिरफळ

आणि मेमध्ये येताय तर मानकुराद आंबा संपायच्या आत या. फोटो अजून आले नाहीत, मास्तर.